खेळाडूचं गुपित बाकीच्यांपासून कसं लपवायचं? (डीएनडी, बजेट ३०० रु.)

नवा_डीएम_धरमपेठ
डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, पात्रं लेव्हल ३ ची, पाच खेळाडू, मी डीएम म्हणजे खेळ चालवणारा. एक जण वॉरलॉक (करार करून जादू मिळवलेला) आहे, पण बाकी चौघांना तो सॉर्सरर (अंगचीच जादू असलेला) म्हणून सांगणार. सहा बैठका तरी टिकायला हवं. चिठ्ठ्या, कार्डं, काय घेऊ? ३०० च्या वर जमणार नाही.

बर्डीचा_डी२०
३०० चा हट्ट सोडा भाऊ, लाकडी डीएम स्क्रीन, म्हणजे डीएमपुढचा आडोसा, घ्या. माझ्या स्क्रीनचा चार वर्षांत कोपराही उडाला नाही. मागे फासे टाकले की इनसाइट (खोटं ओळखायचा फासा) लागला की चुकला, कोणाला कळत नाही.

संत्राबर्फी
स्क्रीननं चिठ्ठी लपत नाही. एकालाच दिली की सगळे त्याच्याच तोंडाकडे पाहतात. दर वेळी पाचही जणांना द्या. चार चिठ्ठ्यांवर फक्त "वाचा, मान हलवा, घडी घाला". ३ बाय ५ इंच, २५० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद. ८० जीएसएमच्या पातळ कागदावर स्केचपेन मागून वाचता येतो.

कूलरसमोर_बसू_नका
आणि बॉलपेननंच लिहा. मे महिन्यात कूलरच्या दमट हवेत जेल पेन फिसकटतो. पातळ चिठ्ठी तर उडून नेमकी नको त्याच्यापुढे पडते.

गोकुळपेठी
जेल पेन दोन मिनिटं वाळू द्या, काही होत नाही.

कूलरसमोर_बसू_नका
कूलरसमोर दोन मिनिटांत वाळतो काय?

शीट_तपासा
पेनावरून काहून भांडून राहिले? गुपित शीटवरून, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावरून फुटणार आहे. एल्ड्रिच ब्लास्ट हा मंत्र वॉरलॉकच्याच मंत्रांच्या यादीत असतो, पहिल्याच लढाईत ओळखतील. स्लॉट (मंत्र टाकायच्या खेपा) बघा: लेव्हल ३ चा वॉरलॉक म्हणजे दुसऱ्या लेव्हलच्या मंत्रांचे दोनच, पण शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) परत. सॉर्सररकडे पहिल्या लेव्हलचे ४ आणि दुसऱ्याचे २, ते लाँग रेस्टलाच (रात्रभराच्या विश्रांतीला) भरतात. तासभर टेकून उठला आणि परत मोठी जादू केली की संपलं. अंगात चामड्याचं चिलखत नको, सॉर्सररला कुठलंच येत नाही. आणि लेव्हल ३ ला सॉर्सररला मेटामॅजिक (मंत्रांत फेरफार करायची ताकद) मिळतं, ते कुठे आहे हे कोणीतरी विचारणारच.

महालचा_चोर
१९८४ च्या पॅरानोइया नावाच्या अशाच खेळात प्रत्येक पात्र गुपचूप म्यूटंट आणि गुप्त संघटनेचं सदस्य असतं. पाचही जणांना एकेक गुपित द्या, मग संशय वाटला जातो.

संत्राबर्फी
म्हणूनच म्हटलं, चिठ्ठ्या पाचही जणांना.

उघड_खेळा
खेळाडूंना सांगून टाका, पात्रांना कळू देऊ नका. सहा बैठकांनंतर फसवल्यासारखं वाटलं तर टेबल मोडतं. आणि व्हॉट्सॲप नकोच. लॉक स्क्रीनवर मेसेज दिसतो, शेजारचा वाचतो.

नवा_डीएम_धरमपेठ
आभारी आहे. ठरलं: चिठ्ठ्याच नाहीत. बैठकीच्या आदल्या रात्री त्याच्याशी फोनवर पंधरा मिनिटं बोलणार, टेबलावर काहीच द्यायचं नाही. ब्लास्टऐवजी चिल टच, तो दोन्ही यादीत आहे. चिलखत काढलं. शॉर्ट रेस्टला स्लॉट परत घ्यायचे नाहीत, त्याला मान्य आहे.

शीट_तपासा
दिवसभर दोन स्लॉटवर? तिसऱ्या लढाईत पडेल तो. निदान हीलरच्या, म्हणजे जखमा भरणाऱ्या पात्राच्या शेजारी उभा करा.

बर्डीचा_डी२०
स्क्रीन तरी घ्याच.