मादिराँ रेड वाइन इतकी तुरट का लागते? सोबत काय खायचं?

गरोनकाठी: नमस्कार मंडळी, फ्रान्समध्ये तुलूजला येऊन चार महिने झाले. दुकानात मादिराँ नावाची रेड दिसली, नावातच मदिरा म्हटल्यावर घेऊन आलो :) शनिवारी मटणाचा झणझणीत रस्सा केला, बाटली उघडली आणि लगेच ओतली... एका घोटात तोंड असं आवळलं जसा काय हिरडा चघळलाय, वर रस्सा डबल तिखट लागायला लागला. बाटली खराब निघाली का? अर्धी शिल्लक आहे, ओतून देऊ?

तिखटकमी: अरे थांब! खराब नाहीये, स्वभावच तसा तिचा. त्यातल्या मुख्य द्राक्षाचं नाव तानात, टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य खच्चून भरलेलं, आणि टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं म्हणून जीभ कोरडी पडते. समोर प्रोटीन आणि चरबी ठेवली की तुरटपणा निवतो. उगाच नाही तिकडे गॅस्कनीत, म्हणजे ही वाइन जिथली त्या नैऋत्य फ्रान्समध्ये, बदक खातात तिच्याबरोबर. कॉन्फी खाल्लंस का? बदकाच्या तंगड्या त्याच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात. नाहीतर कासुले घे, तुझ्या तुलूजचंच, पांढरा घेवडा, सॉसेज, बदक, सगळं एका मातीच्या भांड्यात. तिखटाशी मात्र हिचं अजिबात जमत नाही, मिरची, अल्कोहोल आणि टॅनिन तिन्ही एकत्र म्हणजे आगच.

द्राक्षबागाईतदार: +१. आणि उघडल्या उघडल्या पिऊ नका हो, जगमध्ये ओतून दोन तास ठेवा, हवा लागली की मऊ पडते. याच तानात द्राक्षाला वठणीवर आणायला मादिराँ भागातलेच वाइन बनवणारे पात्रिक द्युकूर्नो यांनी १९९०च्या सुमारास टाकीतल्या वाइनमध्ये ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सोडायची पद्धत काढली, आता जगभर वापरतात. हे द्राक्ष एकोणिसाव्या शतकातच फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या बास्क लोकांबरोबर उरुग्वेला गेलं, तिथे तर आज तेच मुख्य.

शाकाहारी_पण_वाइनवाली: बदक न खाणाऱ्यांनी काय करायचं??

तिखटकमी: ओसो-इराती, पिरेनीज डोंगरातलं मेंढीच्या दुधाचं चीज. काळ्या चेरीच्या जॅमबरोबर खातात तिकडे.

शाकाहारी_पण_वाइनवाली: हे बेस्ट.

गरोनकाठी: अपडेट: उरलेली अर्धी आज काढली, दोन दिवस फ्रिजमध्ये होती म्हणून आधी तासभर बाहेर ठेवली. मार्केटमधून आणलेलं कॉन्फी तव्यावर साल कुरकुरीत होईपर्यंत परतलं, सोबत बटाटे. तीच बाटली आहे यावर बायकोचा विश्वास बसेना. आता काळ्या मनुका आणि थोडं कोको असं काहीतरी लागतंय. रस्सा उरलाय तो उद्या भाकरीबरोबर, आणि प्यायला सोलकढी!