मदत हवी आहे: लोकलेखा समितीत कॅग मार्गदर्शक, मग जेपीसीपुढे साक्षीदार कसा?

नमस्कार मंडळी,

मी बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात संसदीय समित्या शिकवताना एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला आणि मला धड उत्तर देता आलं नाही.

फळ्यावर नेहमीचंच लिहिलं होतं. कॅगचा (सरकारी हिशेब तपासणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक) अहवाल घटनेच्या कलम १५१ प्रमाणे राष्ट्रपतींकडे, तिथून संसदेत, मग तो तपासणाऱ्या खासदारांच्या लोकलेखा समितीकडे. खात्याच्या सचिवांची साक्ष चालते तेव्हा कॅग अध्यक्षांच्या शेजारी बसतात आणि समितीला मदत करतात. त्यावर ती म्हणाली, "सर, मग टू-जी स्पेक्ट्रम वाटपाच्या चौकशीवेळी जेपीसीने, म्हणजे संयुक्त संसदीय समितीने, तेव्हाचे कॅग विनोद राय यांनाच साक्षीला कसं बोलावलं? संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्यालाच उलटे प्रश्न?"

घरी येऊन जुनं सगळं पुन्हा वाचायला काढलं. कॅगच्या टू-जीवरच्या २०१० च्या अहवालात सरकारच्या संभाव्य तोट्याचे एक नाही, चार आकडे आहेत: ५७,६६६ कोटींपासून १,७६,६४५ कोटींपर्यंत, प्रत्येकाची रीत वेगळी. लोकांच्या लक्षात राहिला तो शेवटचा. मलाही तेवढाच पाठ होता, आणि इतकी वर्षं मुलांना तेवढाच सांगत आलो याचं वाईट वाटतं.

एप्रिल २०११ मध्ये मुरली मनोहर जोशी अध्यक्ष असलेली लोकलेखा समितीच दुभंगली. २१ पैकी ११ सदस्यांनी टू-जीवरच्या समितीच्या अहवालाचा मसुदा फेटाळला. पुढे पी. सी. चाको यांच्या जेपीसीने २०१३ मध्ये बहुमताने कॅगचा तोट्याचा हिशेबच अमान्य केला. आकडा काढण्याच्या रीतीवर खासदारांनी खोदून विचारावं, त्यात मला काही गैर वाटत नाही. पण लेखापरीक्षण बरोबर की चूक हे पक्षनिहाय मतदानाने ठरावं, हे काही पटत नाही.

सगळ्यात जास्त अडलोय ते आर. पी. सिंह यांच्यापाशी. ते कॅगच्या हाताखाली दूरसंचार लेखापरीक्षणाचे महासंचालक होते. आपल्या मसुद्यात २,६४५ कोटीच होते, मोठा आकडा वरून आला, असं त्यांनी निवृत्तीनंतर सांगितलं. अहवालावर सही मात्र त्यांचीच.

तर जाणकारांना विचारायचंय:

मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात कुणी काम केलंय का? ड्राफ्ट पॅरा (लेखापरीक्षणातल्या आक्षेपाचा मसुदा) कॅगच्या मुख्यालयात गेल्यावर रक्कम बदलणं नेहमीचं असतं का? खालच्या अधिकाऱ्याचा मतभेद फाइलवर नोंदवतात का?

दुसरं, कॅगना साक्षीला बोलावण्याला नियमांचा आधार नेमका कुठला? लोकलेखा समितीत ते मदतीला बसतात आणि जेपीसीपुढे साक्ष देतात, हा फरक कुठल्या नियमात लिहिलाय की नुसता प्रघात आहे?

नियमाचा क्रमांक मिळाला तर फार बरं होईल. मराठीत सोपं काही वाचायला असेल तर तेही सुचवा. शुक्रवारी पुन्हा तोच वर्ग आहे आणि "शोधून सांगतो" असा शब्द मी तिला दिलाय.