मदत हवी आहे: शाळेतल्या ‘मांजर मुलां’चा मराठी फॉरवर्ड

मंडळी, अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपांसाठी खुलासा लिहायचा आहे. ‘स्वतःला मांजर म्हणवणाऱ्या मुलांसाठी शाळेने बाथरूममध्ये (पाळीव मांजरांच्या शी-शूसाठी असतो तसा) वाळूचा ट्रे ठेवला’ हा मजकूर मराठीत कुणाकडे आलाय का?

मिशिगनच्या मिडलंडमध्ये डिसेंबर २०२१च्या शालेय मंडळाच्या बैठकीत एका पालकाने हे सांगितलं. जानेवारीत तिथल्या शाळांच्या अधीक्षकांनी साफ नाकारलं. मार्च २०२२मध्ये नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळातले सिनेटर ब्रूस बोस्टलमन सभागृहात तेच बोलले आणि नंतर त्यांनी माफी मागितली.

वाळू मात्र एका ठिकाणी खरंच आहे, आणि तिथेच लोक फसतात. कोलोरॅडोच्या जेफरसन काउंटीत, म्हणजे १९९९च्या गोळीबारामुळे माहीत झालेल्या कोलंबाइन हायस्कूलच्या शालेय जिल्ह्यात, २०१७पासून वर्गांत आणीबाणीची बादली असते. गोळीबाराच्या धोक्यात वर्ग तासन्‌तास बंद राहिला तर मुलांना लघवीला जायचं कुठे? त्यासाठी त्यात थोडी मांजराची वाळू. हे वाचून पोटात कालवतं.

स्क्रीनशॉट पूर्ण हवा: तारीख दिसू द्या, नावं-नंबर झाका. शाळेचं नाव असेल तर आवर्जून कळवा. ‘मैत्रिणीच्या मुलीच्या शाळेत’ एवढ्यावर शालेय जिल्ह्याच्या कार्यालयाला काहीच विचारता येत नाही. ऑडिओही चालेल.