मदत हवी आहे: सत्तर वर्षांच्या पडीक जमिनीचा हिशेब कसा लावायचा?

बायबल अभ्यासवर्गासाठी टिपण करतोय, विषय इब्री शास्त्रातली (जुन्या करारातली) नीती आणि भूमी. लेवीय १८:२५ मध्ये भूमी रहिवाशांना ओकून टाकते, गणना ३५:३३ मध्ये सांडलेल्या रक्ताने ती विटाळते. इथवर ठीक.

अडतंय ते २ इतिहास ३६:२१ ला. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली बंदिवासाची ७० वर्षं तिथे लेवीय २६:३४-३५ ला जोडली आहेत: लोकांनी बुडवलेली विसाव्याची वर्षं (दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायचा नियम होता) भूमीने ओस पडून वसूल केली. दर सात वर्षांत एक बुडवलं असं धरलं तर ७० × ७ = ४९०. यरुशलेम बाबेलच्या हाती पडलं इ.स.पू. ५८६ च्या सुमारास, म्हणजे मागे जाऊन १०७६, राजेशाहीच्याही आधी. पण लेवीय २५:११ प्रमाणे योबेल वर्षीही (सात सप्तकांनंतर येणारं मुक्तीचं वर्ष) पेरणी बंद. ते पन्नासावं, वेगळं धरलं तर ५० वर्षांत ८ पडीक, आणि ७० भरायला सुमारे ४३७ वर्षं पुरतात. मग आरंभ १०२३ च्या आसपास, जवळपास पहिला राजा शौल याच्या काळात. हे जुळणं मला जरा जास्तच सोयीचं वाटतं.

शिवाय ५८६ ते पारसाचा राजा कोरेश याचा यहुद्यांना परत जाऊ देणारा हुकूम (५३८) ही जेमतेम ४८ वर्षं. ७० हवीत तर ५१६ मध्ये पुन्हा बांधून झालेल्या मंदिरापर्यंत यावं लागतं, पण तोवर परतलेले लोक शेती करतच असणार!

इतिहासकर्त्याला (२ इतिहासच्या लेखकाला) खरंच मोजणी अभिप्रेत आहे, की ७० हा पूर्णतेचा आकडा? योबेल धरून कुणी हिशेब मांडलाय का? आणि होशेय ४:३ मध्ये लोकांच्या पापामुळे भूमी सुकते, तिथे समुद्रातले मासेही मरतात. नुसत्या दुष्काळाने ते कसं व्हावं?