ग्रीन कार्डचं आय-४८५ पेंडिंग आहे आणि मे महिन्यात साताऱ्याला जायचंय, एफ-१ स्टुडंट व्हिसावर जाऊन येता येईल का?

जाईची_वेल

नमस्कार मंडळी, इथले बरेच जण या चक्रातून गेलेले आहेत म्हणून विचारतेय. मी न्यू जर्सीत, स्टेम ओपीटीवर, म्हणजे शिक्षण झाल्यावर एफ-१ वरच काम करायची मुभा असते त्यावर. नवरा यूएस सिटिझन, इथेच जन्मलेला, मराठी फक्त जेवायला बसल्यावर बोलतो, असो. सप्टेंबरात लग्न झालं आणि नोव्हेंबरात नवऱ्याचं माझ्यासाठीचं आय-१३० आणि माझं आय-४८५ एकत्र टाकलं, सोबत कामाच्या परवान्याचं आय-७६५. प्रवासाचं आय-१३१ मात्र टाकलं नाही, कारण १४४० अधिक ६७५ अधिक २६० असे आधीच गेले होते, मेडिकलचे वेगळे, त्यात अजून ६३० डॉलर कशाला, वर्षभर कुठे जायचंय आपल्याला असं म्हणून सोडून दिलं. आणि आता साताऱ्याला आजीचं सहस्रचंद्रदर्शन काढलंय मे महिन्यात. आईबाबा दोघं नोकरीला असायचे, मला आजीनेच वाढवलंय, न जाणं हा विषयच नाहीये माझ्यासाठी.

माझ्या एफ-१ व्हिसाचा स्टँप २०२७ पर्यंत आहे, कॉलेजच्या आय-२० कागदावर डीएसओची (तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची) ट्रॅव्हलची सही ताजी आहे, कंपनीचं पत्र मिळेल, बायोमेट्रिक्सही झाली. सगळे कागद चालू असताना अडचण नक्की काय येते? सासूबाई म्हणतात काही होत नाही, त्या ९४ साली केस चालू असताना जाऊन आल्या होत्या. डॅलसची मैत्रीणही दिवाळीला जाऊन आली, तिचंही आय-४८५ पेंडिंगच होतं. पण नेटवर वाचलं की अर्जच रद्द धरतात. तिकीट शुक्रवारपर्यंत रिफंडेबल आहे. मार्चच्या शेवटी हे सुचतंय मला, बोलू नका त्यावर, घरी बोलून झालंय सगळ्यांचं.

बंड्या_बे_एरिया

जा बिनधास्त. माझं आय-४८५ पेंडिंग असताना मी दोनदा पुण्याला जाऊन आलो, एअरपोर्टवर एका शब्दाने विचारलं नाही कोणी. लोक उगाच घाबरवतात आणि लॉयर लोकांना तर तेच हवं असतं.

फायलीतला_उंदीर

बंड्याभाऊ, तुम्ही तेव्हा कुठल्या स्टेटसवर होतात ते सांगा आधी, मग बिनधास्त म्हणा.

बंड्या_बे_एरिया

एच-१बी. का?

फायलीतला_उंदीर

हेच म्हणायचं होतं. जाईताई, तिकीट आजच कॅन्सल करा, शुक्रवारची वाट बघू नका.

नियम असा आहे की आय-४८५ पेंडिंग असताना तुम्ही अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे आय-१३१ वर मिळणारा प्रवासाचा परवाना, हातात नसताना देशाबाहेर पाऊल टाकलंत की अर्ज तुम्ही स्वतःच सोडून दिला असं धरतात. परत येताना काय होतं हा पुढचा प्रश्न, नुकसान जातानाच झालेलं असतं. याला मोजके अपवाद आहेत, त्यातले आपल्या लोकांच्या कामाचे म्हणजे नोकरीवाले एच-१बी आणि त्यांच्या घरच्यांचे एच-४, कंपनीने बदलीवर आणलेले एल-१ आणि त्यांच्या घरच्यांचे एल-२. हे व्हिसे असे आहेत की ते असताना कायमचं राहायची इच्छा ठेवली तरी चालते, म्हणून ते त्याच व्हॅलिड व्हिसावर बाहेर जाऊन त्याच स्टेटसवर परत आले तर अर्ज जिवंत राहतो. बंड्याभाऊ त्यात बसले, तुमची डॅलसची मैत्रीणही बहुतेक त्यातच बसत असणार, विचारून बघा तिला.

एफ-१ त्या यादीत नाही. एफ-१ म्हणजे शिकायला आलोय आणि शिकून परत जाणार, आणि तुम्ही तर सरकारला लेखी दिलंय की मला इथेच राहायचंय. त्यामुळे स्टँप २०२७ चा असो नाहीतर २०३७ चा, आय-४८५ वाचवायला त्याचा उपयोग शून्य. डीएसओच्या सहीचंही तसंच, ती सही तुमच्या एफ-१ पुरती, त्यांना तुमच्या ग्रीन कार्डच्या केसशी काही देणंघेणं नसतं आणि अनेकदा ती केस आहे हेही त्यांना माहीत नसतं.

सासूबाईंचं म्हणाल तर ९४ साली त्यांच्या हातात पॅरोलचा कागद होता की कार्डच आलं होतं हे त्यांना आज आठवत असेल असं वाटत नाही. माझ्या आईला माझी जन्मवेळ विचारली तरी दर वेळी वेगळी सांगते.

बंड्या_बे_एरिया

बरोबर आहे, माझं चुकलं. मला वाटलं सगळ्यांना सारखंच असतं. पोस्ट उडवत नाही, राहू दे, म्हणजे दुसऱ्या कोणाला कळेल.

पोळलेला_पुणेकर

मी हेच करून बसलोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मीही ओपीटीवर, बायको सिटिझन, आय-४८५ टाकलेलं, आणि नाशिकला बहिणीचं लग्न. सगळे कागद तुमच्यासारखेच चकाचक होते. गेलो, लग्नात नाचलो, तीन आठवड्यांनी परत आलो, एअरपोर्टवरच्या ऑफिसरने आय-२० बघितला, कुठे काम करतोस विचारलं आणि सोडलं. मी घरी येऊन बायकोला म्हटलं बघ, काही होत नाही म्हणत होतो ना.

पाच महिन्यांनी पाकीट आलं. त्यात अमुक तारखेला तुम्ही देश सोडलात, तेव्हा तुमच्याकडे अ‍ॅडव्हान्स पॅरोल नव्हतं, सबब अर्ज सोडून दिला असं समजून नामंजूर. एअरपोर्टवर बसतात ते सीबीपी आणि अर्ज बघतात ते यूएससीआयएस, ही दोन वेगळी खाती, एकाने आत घेतलं म्हणून दुसरा गप्प बसत नाही, आणि तुमच्या येण्याजाण्याच्या तारखा त्यांना एका क्लिकवर दिसतात. वर लॉयरने झापलं ते वेगळंच, म्हणे मनात ग्रीन कार्ड ठेवून स्टुडंट म्हणून आत शिरलास, कोणी ताणलं असतं तर खोटं बोलून आलास इथपर्यंत गेलं असतं.

सिटिझनशी लग्न आणि रीतसर व्हिसावर आत आलेलो, म्हणून निदान पुन्हा अर्ज करता आला. पण फी सगळी परत भरली, मेडिकल परत, आणि आय-७६५ वाला कामाचा परवाना त्याच अर्जाच्या जिवावर होता तोही गेला, त्यामुळे मधले काही महिने घरी बसून डोसे घालायला शिकलो. ६३० डॉलर वाचवायला गेलो आणि किती घालवले ते बायकोला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

रमाकाकू_ओहायो

अगं जाई, हे सगळे नियम सांगतायत ते ठीक आहे पण तुला पुढे काय करायचं ते कोणी सांगेना. आजच्या आज आय-१३१ भर. आय-४८५ नंतरही ते वेगळं टाकता येतं, फक्त आय-४८५ च्या पावतीची, म्हणजे त्या आय-७९७ ची कॉपी जोडायची. २०२४ च्या एप्रिलच्या आधी आय-४८५, आय-७६५ आणि आय-१३१ हे तिन्ही एकाच फीमध्ये यायचं, आमच्या वेळी १२२५ मध्ये सगळं झालं होतं, तेव्हापासून वेगळे पैसे लावले म्हणून तुझ्यासारखी पोरं ते वगळतात आणि मग आजी आजारी पडली की धावाधाव.

आणि हे लक्षात ठेव, आय-१३१ नुसतं टाकलं म्हणजे जाता येतं असं नाही गं. कागद मंजूर होऊन हातात पडेपर्यंत इथेच राहायचं. पेंडिंग असताना गेलीस तर तेही जातं आणि आय-४८५ पण. आणि परत येतेस त्या दिवशीही त्याची मुदत संपलेली नसावी, लोक फक्त जायची तारीख बघतात.

जाईची_वेल

बाप रे. सगळ्यांचे आभार. पुणेकर, तुमचं वाचून हातपाय गार पडले. मैत्रिणीला विचारलं, एच-४ वर होती ती. तिकीट कॅन्सल केलं आत्ता, रडून झालं.

एकच विचारायचंय, आय-१३१ मेपर्यंत येणं शक्य नाही हे दिसतंय. इमर्जन्सी अ‍ॅडव्हान्स पॅरोल असतं म्हणे, एक दोन दिवसांत मिळतं. आजी ८१ ची आहे, त्या आधारावर मागता येईल का?

मिरजेचा_मुक्काम

मी घेतलंय इमर्जन्सी पॅरोल. बाबा मिरजेला आयसीयूत होते. यूएससीआयएसच्या कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करून फील्ड ऑफिसची अपॉइंटमेंट मागावी लागते, थेट दारात जाऊन उभं राहता येत नाही. पहिल्या दिवशी फोनवर दीड तास गेला आणि मिळाली नाही, दुसऱ्या दिवशी मिळाली. भरलेलं आय-१३१, फी, पासपोर्टवाले दोन बाय दोन इंची फोटो, आय-४८५ ची पावती आणि पुरावा एवढं न्यायचं.

पुराव्यातच आमची पंचाईत झाली. दवाखान्यातून आधी आलं ते नुसतं पेशंट सिरियस आहे एवढं एका ओळीचं, तेही डॉक्टरी अक्षरात. भावाला परत पाठवून लेटरहेडवर, इंग्रजीत, टाइप केलेलं, आजार काय, कधीपासून अ‍ॅडमिट, सही शिक्का, फोन नंबर असं करून घेतलं. दुसरं म्हणजे ते माझे वडील आहेत हे दाखवायचं होतं आणि माझ्या जन्मदाखल्यावर नावाच्या रकान्यात काहीच नाही, आमच्याकडे बारशाच्या आधीच नोंद करायचे आणि नंतर नाव घालायला कोणी जायचं नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनं रेशन कार्ड त्यांच्या भाषांतरासकट लावलं तेव्हा झालं. दुपारी कागद मिळाला, रात्रीच्या विमानाने निघालो, बाबा दुसऱ्या दिवशी गेले, भेट झाली एवढंच.

ज्यांचे आईवडील साठीच्या पुढे आहेत त्यांनी दाखल्यावर नाव आत्ताच घालून घ्या नगरपालिकेतून, तेव्हा सुचत नाही काही.

सहस्रचंद्रदर्शनाला इमर्जन्सी म्हणणार नाहीत ते. वय ८१ हे कारण नाही.

फायलीतला_उंदीर

मिरजकर, वाईट वाटलं वाचून.

जाईताई, इमर्जन्सी नाही पण एक्स्पेडाइट म्हणून दुसरी वाट आहे. आधी ठरलेल्या कार्यक्रमासाठीसुद्धा कागद लवकर द्या अशी विनंती करता येते, अट अशी की नुसती सुट्टी किंवा फिरायला जाणं नको आणि तुम्ही आय-१३१ वेळेत टाकलेलं होतं की नाही हे ते बघतात. तुमचं वेळेत म्हणता येणार नाही, कार्यक्रम मेमध्ये आणि अर्ज आत्ता. तरी टाकून बघा, विनंतीला वेगळी फी नाही. फक्त त्यावर तिकीट काढू नका.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. पॅरोलवर परत आलात की तुम्ही एफ-१ राहत नाही, पॅरोली ठरता, म्हणजे पॅरोलवर आत घेतलेली व्यक्ती. मग ओपीटीच्या कार्डावर काम चालणार नाही, आय-७६५ वर येणारं कार्डच लागेल. आणि समजा काही कारणाने आय-४८५ नामंजूर झालं तर मागे पडायला एफ-१ ची गादी नसते. लग्न खरं आहे, कागद नीट आहेत तर घाबरायचं कारण नाही, पण माहीत असावं. येताना सेकंडरीत, म्हणजे जादा तपासणीच्या खोलीत, बसवतात, तो नेहमीचाच प्रकार आहे, कनेक्टिंग फ्लाइट असेल तर मध्ये चार तास ठेवा.

राइनकाठचा_राजा

विषयांतर होतंय पण आमच्या जर्मनीत याहून मजा आहे. बायकोच्या परवान्याचं काम पेंडिंग असलं की फिक्शन्सबेशायनिगुंग नावाचा एक कागद देतात, त्यावर तीन चौकोन असतात आणि कुठल्या चौकोनात फुली आहे त्यावर सगळं. कलम ८१ परिच्छेद ४ वर फुली असेल तर भारतात जाऊन परत येता येतं, परिच्छेद ३ वर असेल तर बाहेर गेलात की त्या कागदावर परत येता येत नाही. आमच्या ओळखीतले एक जण फुली न बघताच कोल्हापूरला गेले होते. मुंबईत चेक-इन काउंटरवरच अडकले.

सहज_विचारते

उंदीरभाऊ, माझ्या ओळखीतल्या एकीचा बी-२ टूरिस्ट व्हिसावरचा मुक्काम कधीच संपलाय, दीड वर्ष तशीच राहिली, मग सिटिझनशी लग्न झालं, आता आय-४८५ पेंडिंग. तिने पॅरोल घेऊन जावं का? वर्षाच्या वर ओव्हरस्टे झाला की बाहेर पडल्यावर दहा वर्षं बंदी असं ऐकलंय.

फायलीतला_उंदीर

ऐकलंय ते बरोबर आहे, १८० दिवसांच्या वर तीन वर्षं आणि एका वर्षाच्या वर दहा. पण २०१२ ला इमिग्रेशन अपील बोर्डाचा एक निकाल आला, अराबल्ली आणि येराबेली नावाचा, आडनावांवरून कळलंच असेल, आपल्या शेजारच्या तेलुगू मंडळींचा. त्यात म्हटलं की अ‍ॅडव्हान्स पॅरोल घेऊन गेलेला माणूस त्या बंदीच्या अर्थाने देश सोडून गेला असं धरायचं नाही. तेव्हापासून बरेच जण जाऊन येतात. तरीही पॅरोल म्हणजे आत घेण्याची हमी नाही, आणि जुनी डिपोर्टेशनची ऑर्डर वगैरे असेल तर सगळं गणित बदलतं. तुमच्या ओळखीतलीने आमच्यासारख्यांना विचारू नये, चांगल्या लॉयरला पैसे देऊन तासभर बसावं.

जाईची_वेल

अपडेट देते. आय-१३१ काल टाकलं, ६३० भरले, एक्स्पेडाइटची विनंती पावती आल्यावर करणार आहे. घरी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा पडला, पण आजीने फोन हातातून घेतला आणि म्हणाली, अगं हजार चंद्र बघून झालेत माझे, अजून सातआठ जास्त झाले तर काय बिघडतं, मार्गशीर्षात करू. हॉलचा अ‍ॅडव्हान्स बुडतोय म्हणून काका नाराज आहेत. सासूबाईंनी जुनी फाइल काढली, ९४ साली कार्ड आलेलं होतं त्यांचं, तारीखच सापडली.

आता प्रश्न असा की डिसेंबरच्या आसपास इंटरव्ह्यूची तारीख आली तर ती पुढे ढकलता येते ना? आणि नवऱ्याचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) जुन्या पासपोर्टवर आहे, ते त्याला चालेल का?

रमाकाकू_ओहायो

इंटरव्ह्यू ढकलता येतो, पण वेळेत कळवायचं, नुसतं न जाणं करू नकोस. मी तर म्हणेन इंटरव्ह्यू आधी आणि तिकीट मागाहून. तू नसताना पत्रपेटी रोज बघायला कोणाला तरी सांगून ठेव, ऑनलाइन अकाउंटही बघत जा. ओसीआयसाठी नवीन धागा काढ, तो वेगळाच गुंता आहे.