हसू, हसं आणि हशा

ठाण्यात तलावपाळीला सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा हास्यगट आहे. नव्या लोकांना कळावं म्हणून एकाने उत्साहाने फलक रंगवला : ‘येथे रोज सकाळी ६ वाजता सर्वांचे हसे होते.’ दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक आजी थांबल्या, मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, “खरं लिहिलंय हो!”

तेव्हापासून वाद चाललाय. हसू, हसं, हशा तिन्ही हसण्यातलेच, मग एकाचीच एवढी बदनामी का? मला वाटतं, उत्तर वाक्यातच आहे. हसू ‘मला’ येतं. ते दाबता येतं, आवरता येतं, नको तिथे फुटतं. हसं ‘माझं’ होतं, म्हणजे हसणारे दुसरेच आणि मी मधे उभा. हशा मात्र कुणा एकाचा नसतो, तो पिकतो. गडकरी रंगायतनला नाटकातलं वाक्य बरोबर पडलं की हशा पिकतो. घरी एकट्याने कितीही हसा, त्याला हशा म्हणत नाहीत.

नौपाड्याचे वाचक : मग ‘आपण हसे लोकांना, शेंबूड आपल्या नाकाला’ याचं काय?

– तिथे ‘हसे’ क्रियापद आहे, ‘म्हणे’, ‘बोले’ सारखं. आणि म्हणीत ‘लोकांना’ आहे, ‘लोकांवर’ नाही, हेही बघा. मराठीत लोक मला हसतात. ‘माझ्यावर हसतात’ हे हिंदीचं वळण. पंचाईत एवढीच, की ‘मला हसू येतं’ आणि ‘मला हसतात’ यांत ‘मला’ तोच, पण पहिल्यात मी हसतोय आणि दुसऱ्यात माझी फजिती चाललीय.

कोपरीचे वाचक : फिदीफिदी राहिलं!

– ‘काल मी फिदीफिदी हसलो’ असं कुणी म्हणताना ऐकलंय? तो शब्द कायम दुसऱ्याच्या हसण्याला, तोही आपण चिडल्यावर. (आमच्या आईच्या तोंडी ‘फिदीफिदी काय हसतोस’ आलं की पुढे धपाटा ठरलेला.) खिदळण्यात तेवढा राग नाही, पोरं खिदळतातच. ‘खुदकन’ मधल्या ‘कन’ मुळे ते हसू क्षणात संपतं. ‘खदाखदा’ हसणारा मात्र लवकर थांबत नाही, शब्दच दोनदा आपटतो ना!

वाशीचे वाचक : आणि अट्टहास?

– संस्कृतात ते गडगडाटी हसणं. मराठीत हसणं गळालं आणि हट्ट, खटाटोप तेवढा उरला. ‘याजसाठी केला होता अट्टहास’ म्हणणारे तुकोबा काही खदाखदा हसत नव्हते. पौराणिक नाटकातल्या राक्षसाला म्हणूनच आपण ‘विकट हास्य’ करायला लावतो. त्याने अट्टहास केला म्हटलं तर प्रेक्षक विचारतील, कशाचा?

नौपाड्याचे वाचक : फलक बदलला का?

– नाही. ‘हसे’ खोडून ‘हसणे’ करायला एक अक्षर पुरेल, पण रंगवणाऱ्याला सांगायचं कुणी? चारचौघांत उगाच त्याचं हसं व्हायचं.