ओओएस (मर्यादेबाहेरचा निकाल) आला की साहेब म्हणतात ‘ट्रायलमध्ये टाक’. केमिस्टने काय करावं?

पादरा_बी_शिफ्ट

पादऱ्याकडच्या एका फॉर्म्युलेशन (तयार औषधं बनवणाऱ्या) प्लांटच्या क्यूसीमधला (गुणवत्ता तपासणी लॅबमधला) प्रश्न आहे. कंपनीचं नाव विचारू नका. टॅब्लेटचा ‘अ‍ॅसे’ (औषधाच्या प्रमाणाची चाचणी) ९४.१ टक्के आलाय, मर्यादा ९५.० ते १०५.०. सेक्शन हेडचं म्हणणं असं, की हा रन (यंत्रावरची ही तपासणी) ‘ट्रायल’ फोल्डरमध्ये टाक, नमुना नव्याने बनव आणि पास झाला की तोच रिपोर्ट कर. शिवाय बॅलन्सच्या (वजनकाट्याच्या) लॉगबुकात परवाची एक ओळ राहिली आहे, ती परवाच्याच तारखेने भरून सही करायची. महिनाअखेर आहे, डिस्पॅच अडलाय. सरळ नकार दिला तर अप्रेझलला फटका बसणार हे उघड आहे. नियमात राहून काय करता येईल, आणि नाही म्हणायचं तर कोणत्या शब्दांत? नीतिपाठ नकोत, पायऱ्या सांगा.

रावपुरा_क्यूए

पहिली गोष्ट म्हणजे ते द्रावण ओतून देऊ नका. फ्लास्क, व्हायल (छोट्या बाटल्या), उरलेला फिल्ट्रेट (गाळलेलं द्रावण), स्टँडर्ड (तुलनेसाठीचं ठरलेल्या ताकदीचं द्रावण), मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण), सगळं लेबल लावून तसंच राहू दे. तपासाचा पहिला टप्पा याच सामानावर चालतो. ते बेसिनमध्ये गेलं की पुढचं सगळं अंदाजपंचे.

मग ९४.१ वर्कशीटवर लिहा आणि क्यूएकडून (गुणवत्ता हमी विभागाकडून) ओओएस नंबर घ्या. साहेबांशी चर्चा त्यानंतर. हा क्रम उलटला की आकडा चर्चेतच विरून जातो. नंबर पडल्यावर मात्र तो पुसायला कुणाला तरी कारण लिहून सही करावी लागते, आणि तशी सही करायला सहसा कोणी तयार नसतं.

निकाल कमी आलाय, तेव्हा कमी येण्याची कारणं आधी बघा. पावडर पूर्ण विरघळली होती का? सोनिकेशन (ध्वनिलहरींनी विरघळवणं) एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) लिहिलंय तेवढी मिनिटं झालं का, मधून हलवलं का? फिल्टर औषध धरून ठेवतो, म्हणून सुरुवातीचे काही मिलिलिटर टाकून द्यायचे असतात. ते टाकले का? स्टँडर्डची व्हायल सैल राहून द्रावक उडाला असेल तर स्टँडर्ड घट्ट होतं आणि नमुना आपोआप कमी दिसतो. स्टँडर्डच्या पोटेन्सीत (ताकदीत) पाण्याची दुरुस्ती दोनदा लागली असेल तरी तेच. ५ मिलिची पिपेट आणि ५० मिलिचा फ्लास्क खरोखर तेवढेच होते का, हे काचेवरचा आकडा वाचून बघा, आठवणीवर जाऊ नका. सिस्टीम सुटेबिलिटीत (यंत्र नीट चालतंय का या चाचणीत) पाच इंजेक्शनांचा आरएसडी (निकालांतला फरक) मर्यादेत होता का, पीकचं (आलेखावरच्या उंचवट्याचं) इंटिग्रेशन, म्हणजे क्षेत्रफळाची मोजणी, हाताने ओढलंय का, तेही तपासा. यंत्रात क्षणिक बिघाड झाल्याचा संशय असेल तर तीच व्हायल पुन्हा इंजेक्ट करता येते, पण तपासाचा भाग म्हणून, नोंद करूनच.

कारण सापडलं आणि कागदावर सिद्ध झालं, तरच पहिला निकाल रद्द होतो. ‘बहुतेक डायल्युशन (पातळ करणं) चुकलं असावं’ याला कारण म्हणत नाहीत. काहीच सापडलं नाही तर दुसरा टप्पा. त्यात बॅच रेकॉर्ड उघडायचं, ब्लेंडिंगची वेळ, कॉम्प्रेशनमधली (गोळ्या दाबतानाची) वजनं, यील्ड (किती माल निघाला) बघायचं, आणि दुसऱ्या केमिस्टकडून त्याच मूळ नमुन्यावर रीटेस्ट करून घ्यायची. रीटेस्ट किती वेळा, हे एसओपीत आधीच ठरलेलं असलं पाहिजे. ‘पास होईपर्यंत’ हा आकडा नाही. नेमक्या याच मुद्द्यावर १९९३ मध्ये अमेरिकेत बार लॅबोरेटरीजचा खटला गाजला. एफडीएचं (अमेरिकेच्या औषध नियामकाचं) ओओएसवरचं मार्गदर्शन २००६ चं, मे २०२२ मध्ये सुधारलेलं. त्यात सरासरीची पळवाटही बंद केली आहे. ९४.१ आणि ९६.३ ची सरासरी ९५.२ येते, पण म्हणून बॅच पास होत नाही.

लॉगबुकाचं सोपं आहे. राहिलेली ओळ आजच्या तारखेने, आजच्या वेळेने ‘उशिरा केलेली नोंद’ म्हणून भरा. प्रत्यक्ष काम कधी झालं आणि नोंद का राहिली ते लिहा, बॅलन्सची स्लिप पुरावा म्हणून जोडा. स्लिप थर्मल कागदाची असेल तर अक्षरं उडतात, म्हणून झेरॉक्स काढून दोन्ही चिकटवा आणि सही अर्धी स्लिपवर, अर्धी पानावर येईल अशी करा. चूक खोडायची तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर नको. स्लिपच नसेल तर ओळ भरू नका, डेव्हिएशन (नियम मोडल्याची अधिकृत नोंद) टाका.

सावली_प्रॉडक्शन

पुस्तकात सगळं बरोबर आहे हो. पण ०.९ टक्क्यासाठी ट्रक थांबतो तेव्हा फोन क्यूएला येत नाही, आम्हाला येतो. आणि खरं सांगायचं तर निम्मे ओओएस लॅबच्याच हाताने होतात. ज्या प्लांटमध्ये ‘या महिन्यात तुझे किती ओओएस’ असा तक्ता भिंतीवर लावतात आणि प्रत्येक वेळी केमिस्टला ट्रेनिंगला पाठवून विषय संपवतात, तिथे केमिस्ट लपवणारच. हेडला झोडपण्याआधी तो तक्ता उतरवायला सांगा.

रावपुरा_क्यूए

तक्त्याचं शंभर टक्के मान्य. ‘निम्मे’ला मात्र आधार द्या. प्रत्येक ओओएसच्या शेवटी ‘अॅनालिस्ट एरर’ एवढंच लिहिलं जात असेल तर तो तपास झालाच नाही, इन्स्पेक्टरसुद्धा हेच म्हणतो.

आणि ०.९ टक्क्याचं म्हणाल, तर औषध निरीक्षकाने बाजारातून उचललेला नमुना आपल्या बडोद्यातल्याच सरकारी अन्न व औषध प्रयोगशाळेत जातो. तिथे ९४ आला की फॉर्म १३ वर सरकारी विश्लेषकाचा अहवाल निघतो. तो खोडून काढायचा असेल तर २८ दिवसांत लेखी कळवावं लागतं, नाहीतर तोच अंतिम पुरावा धरतात. ट्रक तेव्हाही थांबतो, फक्त माल दुकानांतून परत बोलवावा लागतो.

मकरपुरा_सीएसव्ही

‘ट्रायल’ फोल्डरबद्दल. हेडसाहेबांना वाटतं तिथे कोणी बघत नाही. इन्स्पेक्टर आधी तेच उघडतो. एम्पॉवर असो की यंत्राचा डेटा ठेवणारं आणखी कुठलं सॉफ्टवेअर, सगळे प्रोजेक्ट तारखेनुसार लावून तो ‘ट्रायल’, ‘टेस्ट’, ‘डेमो’ ही नावं शोधतो. मग त्या इंजेक्शनची वेळ अधिकृत रनच्या वेळेशी ताडून बघतो. बॅच नंबर लिहिला नसला तरी पीकचा रिटेन्शन टाइम (तो किती मिनिटांनी आला) आणि क्षेत्रफळ बघून माल कोणता ते कळतं. एफडीएच्या डिसेंबर २०१८ च्या डेटा इंटिग्रिटी मार्गदर्शनात हे स्पष्ट आहे, की खरा नमुना ‘ट्रायल’ किंवा ‘इक्विलिब्रेशन’च्या (यंत्र स्थिर करण्याच्या) नावाखाली चालवून अंदाज घ्यायचा नाही. कॉलम (यंत्रातली घटक वेगळे करणारी नळी) स्थिर झाला का ते बघायला स्टँडर्ड वापरा.

मागच्या तारखेचंही तेच. बॅलन्सची स्लिप, गेटचं पंचिंग, एचपीएलसीचा (तपासणीच्या यंत्राचा) ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी कधी काय केलं याची आपोआप होणारी नोंद, एसीच्या तापमानाची नोंद, इतकी घड्याळं एकाच दिवशी मागे फिरवता येत नाहीत. रजेवर असलेल्या माणसाची सही सापडली की पुढची फाइल कोणी विश्वासाने वाचत नाही, खरी असली तरी.

एक काम आजच करा. तुमचा पासवर्ड हेडला माहीत असेल तर बदला. एका लॉगिनवर तिघं काम करत असतील तर ट्रेलमध्ये सगळं एकाच्याच नावावर पडतं, आणि ते नाव बहुधा ज्युनियरचं असतं.

दांडियाबाजार_वकील

कायद्याचं थोडक्यात.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ३४ प्रमाणे कंपनीच्या गुन्ह्यात कारभार सांभाळणारे आधी येतात. मॅनेजर किंवा अधिकाऱ्याची संमती, संगनमत किंवा दुर्लक्ष सिद्ध झालं तर तेही. सही करणारा केमिस्ट आपोआप सुटत नाही. मालकाच्या वह्या किंवा इलेक्ट्रॉनिक नोंदी फसवण्याच्या हेतूने खोट्या करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३४४ आहे. हेतू सिद्ध व्हावा लागतो हे खरं, पण ‘साहेबांनी सांगितलं’ हा बचाव तोंडी राहिला तर त्याला किंमत नाही.

तक्रारीची वाट कंपनीतच आहे का ते बघा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ खाली लिस्टेड कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांचं ५० कोटींपेक्षा जास्त कर्ज असलेल्या कंपन्या, यांना ‘व्हिजिल मेकॅनिझम’ (गैरप्रकाराची तक्रार करण्याची सोय) ठेवावंच लागतं. तक्रारदाराला त्रास होऊ नये अशी तरतूद त्यात हवी, आणि गरज पडल्यास थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत जाता आलं पाहिजे. २०१४ च्या व्हिसलब्लोअर कायद्यावर विसंबू नका, तो लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. खाजगी नोकरीत त्याचा उपयोग नाही. कंपनीत कोणीच ऐकत नसेल आणि माल बाजारात जात असेल तर राज्याच्या औषध नियंत्रण विभागाकडे, बॅच नंबरसह लेखी.

आणि हे नीट वाचा: क्रोमॅटोग्रामचे (यंत्राच्या आलेखांचे) फोटो मोबाइलमध्ये काढू नका, फाइल पेनड्राइव्हवर घरी नेऊ नका. गोपनीयतेचा भंग म्हणून उलट तुमच्यावरच कारवाई होते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. पुरावा कंपनीच्या सिस्टीममध्येच तयार करा. ओओएस नंबर, डेव्हिएशन, कंपनीच्याच मेलवरचा मेल.

रावपुरा_क्यूए

नाही म्हणायचे शब्द विचारले होते, ते राहिलंच. ‘हे चुकीचं आहे, मी करणार नाही’ असं चारचौघांत म्हटलंत तर साहेब अडून बसतील. केबिनमध्ये जाऊन एवढंच: ‘साहेब, रन सेव्ह झालाय, ट्रेलमध्ये माझं नाव आहे. ओओएस टाकतो, पहिला टप्पा आजच्या आज संपवू. चेकलिस्ट भरायला तुम्ही बसाल का?’ त्यांना सुटकेची वाट हवी असते, आणि ती या वाक्यात आहे. तरीही ‘चालशे (चालेल), टाक ट्रायलमध्ये’ असंच उत्तर आलं, तर जागेवर येऊन दोन ओळींचा मेल करा, क्यूएला सीसीत ठेवून: ‘आपल्या बोलण्यानुसार अमुक बॅचचा रन ट्रायलमध्ये हलवायचा आहे. यासाठी कोणता एसओपी लागू आहे, कृपया कळवावे.’ आरोप करायचा नाही, आवाज चढवायचा नाही. अशा मेलला बहुतेक वेळा लेखी उत्तर येत नाही, फोन येतो, आणि फोनवर सूर बदललेला असतो.

पादरा_बी_शिफ्ट

द्रावण ठेवलंय, पासवर्ड बदलला. एकच शंका. नंबर घेतल्यावर ‘कॅन्सल कर’ म्हणाले तर?

रावपुरा_क्यूए

ओओएस रजिस्टर क्यूएच्या ताब्यात असतं, बांधलेलं आणि पानांवर छापील क्रमांक असलेलं. नंबर रद्द करता येतो, पण त्याच ओळीत कारण, रद्द करणाऱ्याची सही आणि तारीख लागते. ती सही तुम्ही करू नका. ज्यांना रद्द करायचंय त्यांना रजिस्टरपाशी येऊ द्या. आणि फिल्ट्रेट किती तास टिकतं ते मेथडच्या व्हॅलिडेशन रिपोर्टमध्ये (चाचणीपद्धत सिद्ध केल्याच्या अहवालात) बघून घ्या, ती मुदत उलटल्यावर केलेलं इंजेक्शन तपासात धरत नाहीत.